ग्लोबल लॉक फोडताना: बीकेएलचा धडा आणि ड्रायव्हरसाठी कामाचा क्रम

प्रश्न थोडक्यात असा: लिनक्सवरच्या एका कॅरॅक्टर ड्रायव्हरमध्ये सगळ्या कार्डांसाठी मिळून एकच ग्लोबल म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं लॉक) आहे. एका कार्डावर काम सुरळीत चालतं. आठ कार्डं आणि आठ थ्रेड लावले की एकूण वेग जेमतेम अडीचपट होतो. लिनक्सने स्वतःचं ‘बिग कर्नल लॉक’, म्हणजे बीकेएल, काढून टाकलं, तसं इथे करता येईल का, आणि कोणत्या क्रमाने?

करता येईल. नवी लॉक कुठे लावायची हा मात्र नंतरचा प्रश्न. जुनं लॉक गुपचूप काय काय सांभाळत होतं हे आधी शोधून काढावं लागतं, आणि वेळ खातं ते हेच. बीकेएल जून १९९६ मध्ये लिनक्स २.० बरोबर आलं आणि मे २०११ मध्ये २.६.३९ बरोबर गेलं. पंधरा वर्षं. स्पिनलॉक (न झोपता जागीच फिरत वाट पाहायला लावणारं लॉक) लिहिणं अवघड होतं म्हणून ती लागली नाहीत.

२.० मध्ये हिशेब सरळ होता: एका वेळी एकच सीपीयू कर्नलच्या आत, बाकीचे दारात उभे. २.२ (जानेवारी १९९९) आणि २.४ (जानेवारी २००१) मध्ये वर्दळीचे रस्ते आपापल्या लॉकवर गेले. मागे उरली ती गल्लीबोळं: आयऑक्टल (डिव्हाइसला खास आज्ञा देणारा कॉल), टीटीवाय (टर्मिनल), फाइल लॉक, जुन्या फाइल सिस्टिम आणि ज्यांचा मूळ लेखक कधीच निघून गेला होता असे शेकडो ड्रायव्हर. तिथे ‘लॉक_कर्नल()’ लिहिलेलं असे, पण ते कशासाठी, हे कुठेच लिहिलेलं नसे.

वरून हे लॉक साध्या म्युटेक्ससारखं दिसायचं, वागणं मात्र वेगळं होतं. एकच थ्रेड ते कितीही वेळा घेऊ शके. प्रत्येक टास्कमध्ये ‘लॉक_डेप्थ’ नावाचा आकडा असे, सुरुवातीला उणे एक, आणि तो शून्यावर येई तेव्हाच खरं लॉक घेतलं जाई. दुसरं, आणि फार महत्त्वाचं: बीकेएल हातात असताना थ्रेड झोपला, तर शेड्युलर ते परस्पर सोडून देई आणि जाग आल्यावर पुन्हा मिळवून देई. म्हणजे ‘लॉक_कर्नल()’पासून ‘अनलॉक_कर्नल()’पर्यंतचा पट्टा अखंड सुरक्षित कधीच नव्हता. मध्ये एखादं केमॅलॉक (कर्नलमधली मेमरीची मागणी) झोपलं की तेवढ्यात दुसरा कोणीही आत येऊन जाई.

याची दुसरी बाजू अशी की बीकेएलमुळे सहसा डेडलॉक होत नसे. म्युटेक्स ‘अ’ धरून कोणी बीकेएलची वाट पाहतोय आणि बीकेएल धरून दुसरा ‘अ’ची वाट पाहतोय, अशी गाठ पडलीच, तर दुसरा झोपताक्षणी बीकेएल सुटे आणि पहिला पुढे जाई. म्हणून उलटसुलट क्रमाने लॉक घेणारा कोड वर्षानुवर्षं निर्धास्त चालत राहिला. त्याच जागी खरा म्युटेक्स ठेवला की तोच कोड अडकतो. रायझरएफएस या फाइल सिस्टिममध्ये हेच झालं. तिचा झाडावरचा (डेटाच्या ट्री रचनेवरचा) सगळा कोड ‘झोपलो की लॉक सुटतं’ हे धरूनच लिहिलेला होता. झोपेतून उठल्यावर झाड बदललं का, हे तपासायची सोयही त्यात होती. २.६.३३ मध्ये बीकेएलच्या जागी प्रत्येक माउंटसाठी वेगळा म्युटेक्स आला, तेव्हा झोपू शकणाऱ्या ठिकाणी तो हाताने सोडून पुन्हा घ्यावा लागला, आणि तरीही लॉकचा क्रम उलटा झाल्याच्या तक्रारी लॉकडेप (लॉकचा क्रम तपासणारा कर्नलमधला तपासनीस) देत राहिला.

तुमच्या ड्रायव्हरमधला म्युटेक्स साधा आहे, हे तुमचं नशीब. परस्पर सुटण्याचं झंझट नाही. बाकीचं सगळं मात्र लागू आहे.

आधी मोजा. कर्नल ‘कॉन्फिग_लॉक_स्टॅट’ चालू करून बांधा, ‘/प्रॉक/सिस/कर्नल/लॉक_स्टॅट’मध्ये १ लिहा, नेहमीचा भार पाच मिनिटं द्या आणि ‘/प्रॉक/लॉक_स्टॅट’ वाचा. तुमच्या म्युटेक्सच्या ओळीत दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा: वाट पाहण्याचा एकूण वेळ आणि धरून ठेवण्याचा एकूण वेळ. धरण्याची वेळ लांब आणि संख्या कमी असेल, तर लॉक फोडायच्या आधी लॉकच्या आतलं काम बाहेर काढा. मेमरी मागणं, लॉग छापणं, यूजरकडे डेटा पाठवणं यांना सहसा आत राहण्याचं कारणच नसतं. वेळ छोटी पण संख्या प्रचंड असेल, तरच फोडण्यात अर्थ आहे.

तुमचा अडीचपटीचा आकडा बोलका आहे. कामाचा ३० टक्के भाग एका लॉकखाली एकेरी चालत असेल, तर अॅमडालच्या सूत्राने आठ कोअरवर मिळणारा वेग १ भागिले (०.३ + ०.७/८), म्हणजे सुमारे २.६ पट. तो भाग दहा टक्क्यांवर आणला, तर ४.७ पट. कोअर कितीही वाढवले तरी ३० टक्क्यांवर ३.३ पटीच्या वर जाता येत नाही. लॉकखाली किती टक्के वेळ जातो हे मोजल्याशिवाय हात घातला, तर महिनाभराच्या कामानंतर वेग तोच राहिला असंही होतं.

आता तक्ता करा. कागदावर केलात तरी चालेल. ड्रायव्हरमधलं प्रत्येक सामायिक फील्ड एका ओळीत: कोण लिहितं, कोण वाचतं, प्रोसेसच्या संदर्भात की इंटरप्टमध्ये (हार्डवेअरने मध्येच दिलेल्या हाकेत), आणि कोणत्या दुसऱ्या फील्डशी त्याची जोडी आहे. लॉक लागतं ते डेटाला, फंक्शनला नाही. ‘रीड फंक्शनचं लॉक’ असं तुमच्या तोंडात येत असेल तर तक्ता अजून अपुरा आहे. अशा ड्रायव्हरमध्ये बहुतेक पाच गट निघतात: मायनर नंबरावरून (एकाच ड्रायव्हरची कार्डं वेगळी ओळखणाऱ्या क्रमांकावरून) कार्ड शोधायचा टेबल, प्रत्येक कार्डाचं सेटिंग, प्रत्येक कार्डाच्या रिंग बफरचे (शेवटाकडून पुन्हा सुरुवातीला वळणाऱ्या बफरचे) हेड आणि टेल, एकूण आकडेवारीचे काउंटर, आणि पाचवा गट जो सगळे विसरतात: हार्डवेअर. दोन कार्डांना सामायिक असलेली ‘आधी इंडेक्स लिही, मग डेटा वाच’ अशी रजिस्टरची जोडी असेल, तर ती आजवर ग्लोबल म्युटेक्समुळेच शाबूत होती. प्रत्येक कार्डाला वेगळं लॉक दिलंत की एकाने लिहिलेल्या इंडेक्सवर दुसरा डेटा वाचणार. हा दोष आठवड्यातून एकदा दिसतो आणि त्याचं खापर हार्डवेअरवर फोडलं जातं.

सुरुवातीचा काळही तक्त्यात घ्या. पूर्वी कॅरॅक्टर डिव्हाइसचं ओपन हे बीकेएल धरूनच बोलावलं जाई. २.६.२७ मध्ये ते लॉक वरच्या कोडमधून काढून एकेका ड्रायव्हरच्या ओपनमध्ये उतरवलं, तेव्हा लक्षात आलं की काही ड्रायव्हर आधी डिव्हाइस नोंदवतात आणि मग स्वतःची तयारी पूर्ण करतात. त्यांचं ओपन अगदी रिकामं असलं तरी त्याला लॉकची गरज होती, कारण ते लॉक तयारी संपेपर्यंत दार अडवून ठेवत होतं. त्यासाठी ‘सायकल_कर्नल_लॉक()’ नावाचं एक गमतीदार फंक्शन आलं: लॉक घ्या, लगेच सोडा, बस. तुमच्याकडे नोंदणी ही शेवटची पायरी आहे ना, ते पाहा. नसेल तर लॉकला हात लावायच्या आधी तेवढा एक पॅच करा.

बीकेएल काढताना जी पद्धत खरोखर उपयोगी पडली, ती म्हणजे लॉक खाली ढकलणं. वरच्या सामायिक कोडमध्ये एकदा घेतलेलं लॉक प्रत्येक ड्रायव्हरच्या आत नेऊन ठेवायचं; वागण्यात फरक शून्य. मग एकेका ठिकाणी बघायचं की इथे त्याचं काम आहे का. आयऑक्टलसाठी २.६.११ मध्ये ‘अनलॉक्ड_आयऑक्टल’ हा वेगळा पॉइंटर दिला गेला, ज्याला जमेल त्याने तिकडे जावं म्हणून. जुना पॉइंटर २.६.३६ मध्ये गेला. मधली वर्षं दोन्ही शेजारी नांदले. तुमच्या ड्रायव्हरमध्येही ओपन, रीड, पोल, आयऑक्टल अशा प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला घेतलेला म्युटेक्स आधी आतल्या छोट्या पट्ट्यांवर आणा. प्रत्येक पायरी वेगळा पॅच, आणि प्रत्येक पॅचनंतर ड्रायव्हर चालायला हवा. सहा महिन्यांनी रेस (दोन थ्रेडच्या वेळा जुळल्या तरच दिसणारा दोष) सापडली की गिट बायसेक्टला (दोषी पॅच शोधणाऱ्या आज्ञेला) एकच छोटा पॅच दाखवता आला पाहिजे. हजार ओळींचा ‘लॉकिंग सुधारलं’ असा पॅच दाखवून उपयोग नाही.

मग नवं लॉक जुन्याच्या आत घाला. कार्डाच्या स्ट्रक्चरमध्ये ‘कार्ड_म्युटेक्स’ टाका, ग्लोबल तसाच ठेवा, आणि कार्डाच्या डेटाला हात लावताना दोन्ही घ्या, ग्लोबल आधी. वेग यात काहीच वाढणार नाही, उलट थोडा घटेल. पण लॉकडेपला क्रम कळतो, आणि प्रत्येक खालच्या फंक्शनमध्ये ‘लॉकडेप_असर्ट_हेल्ड’ घातलंत तर जिथे नवं लॉक घ्यायचं राहिलंय ती जागा ओरडून सांगते. दोन-तीन दिवस पूर्ण भारावर गप्प राहिलं की मग ग्लोबल एकेका रस्त्यावरून काढत चला.

आता लॉक कार्डाच्या आत गेलं की एक नवाच प्रश्न उभा राहतो: कार्ड जिवंत आहे हे कोण सांगणार? टेबलमधून पॉइंटर उचलला आणि त्याचा म्युटेक्स घेण्याआधी कोणी कार्ड उपसून काढलं, तर तुम्ही मोकळ्या केलेल्या मेमरीतल्या म्युटेक्सवर थांबलेले असता. ग्लोबल लॉक हेही सांभाळत होतं. म्हणून टेबलाला स्वतःचं छोटं लॉक हवं आणि कार्डाला रेफरन्स काउंट (किती जण ते वापरताहेत याचा आकडा). टेबल लॉक घ्या, कार्ड शोधा, काउंट वाढवा, टेबल लॉक सोडा, मग कार्डाचा म्युटेक्स. काढताना उलट: आधी टेबलमधून नाव काढा म्हणजे नवा कोणी येणार नाही, मग म्युटेक्सखाली ‘गेलं’ अशी खूण करा, वाट पाहणाऱ्या थ्रेडना उठवा, आणि आपला काउंट सोडा. मेमरी मोकळी करतो तो शेवटचा काउंट सोडणारा, दुसरा कोणी नाही. म्युटेक्स मिळाल्यावर प्रत्येक रस्त्याने ती खूण तपासायची आणि कार्ड गेलेलं असेल तर ‘ईनोडेव्ह’ (‘असं डिव्हाइस नाही’ हा एरर) परत द्यायचं. शिवाय म्युटेक्स सोडणाऱ्या थ्रेडचं काम पूर्ण होण्याआधीच तो दुसऱ्याला मिळू शकतो, म्हणून ‘मला म्युटेक्स मिळाला, म्हणजे आधीचा बाहेर पडला, आता फ्री करतो’ हा तर्क चुकीचा आहे. काउंटवरच भरवसा ठेवा.

हमखास दिसणारा दुसरा अपघात जवळून बघा. रीडमध्ये तुम्ही कार्डाचा म्युटेक्स धरून ‘कॉपी_टू_यूजर’ करता. यूजरचं पान मेमरीत नसेल तर पेज फॉल्ट होतो, आणि तो हाताळायला त्या प्रोसेसचं ‘एमॅप_लॉक’ (तिच्या मेमरीच्या नकाशाचं लॉक) लागू शकतं. क्रम झाला: कार्ड, मग एमॅप. आता तुमच्या ड्रायव्हरचं एमॅप फंक्शन, म्हणजे बफर थेट यूजरच्या मेमरीत जोडून देणारं. ते बोलावलं जातं तेव्हा कर्नलने एमॅप_लॉक आधीच धरलेलं असतं, आणि आत तुम्ही बफरचा आकार वाचायला कार्डाचा म्युटेक्स घेता. क्रम: एमॅप, मग कार्ड. एकाच प्रोसेसचे दोन थ्रेड हे एकदम करतील त्या दिवशी दोघेही कायमचे झोपतील. टेस्टमध्ये हे दिसत नाही, कारण तिथे बफर नुकताच वापरलेला असतो आणि पान मेमरीतच असतं. लॉकडेप मात्र प्रत्यक्ष फॉल्ट न होताही पकडतो, कारण ‘कॉपी_टू_यूजर’मध्येच तशी खूण ठेवलेली आहे. उपाय साधा: म्युटेक्सखाली डेटा आपल्याच मधल्या बफरमध्ये घ्या, म्युटेक्स सोडा, मग यूजरला द्या. एक कॉपी वाढते. वाढू द्या.

रिंग बफरच्या हेड आणि टेलला इंटरप्ट हँडलरही हात लावतो, तिथे म्युटेक्स चालत नाही. स्पिनलॉक हवं, आणि प्रोसेसच्या बाजूने ते ‘स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह’नेच घ्यायचं. साधं स्पिन_लॉक घेतलंत आणि त्याच सीपीयूवर इंटरप्ट आला, तर हँडलर ज्याची वाट बघतोय तो थ्रेड हँडलर संपेपर्यंत चालणारच नाही. सीपीयू तिथेच गोल फिरत बसतो. स्पिनलॉकखाली झोपणारं काहीही नको: ‘जीएफपी_कर्नल’ने मेमरी मागणं नको, यूजरकडे कॉपी नको, म्युटेक्स नको.

क्रम आता ठरला: टेबल, कार्ड, रिंग. तो फाइलच्या माथ्यावर कॉमेंटमध्ये लिहून ठेवा. कर्नलमध्ये ‘एमएम/फाइलमॅप.सी’च्या सुरुवातीला असाच लॉकचा क्रम लिहिलेला आहे, नमुना म्हणून बघा. दोन कार्डं एकदम लागणारं काम असेल, उदाहरणार्थ एकाचा बफर दुसऱ्याला देणं, तर लहान पत्त्याचं कार्ड आधी घ्यायचं आणि दुसऱ्यासाठी ‘म्युटेक्स_लॉक_नेस्टेड’, नाहीतर लॉकडेप एकाच वर्गाचं लॉक दोनदा घेतलं म्हणून तक्रार करणार. असं काम महिन्यातून एकदाच होत असेल तर ते सरळ ग्लोबल म्युटेक्सखाली राहू द्या; दोन्ही कार्डांचे म्युटेक्स मात्र त्याच्या आत तरीही घ्या.

जोडीने बदलणारी फील्डं वेगळ्या लॉकखाली नेऊ नका. यादी एका लॉकखाली आणि तिची लांबी दुसऱ्याखाली, असं केलं की काही क्षण दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत आणि नेमकं त्याच क्षणी कोणीतरी लांबीवर विसंबून यादी चालतो. तसंच, एक अखंड पट्टा ‘आधी तपास’ आणि ‘मग कर’ अशा दोन पट्ट्यांत तुटला असेल, तर दुसऱ्या पट्ट्यात पुन्हा तपासावं लागतं. केसीसॅनसारखी (लॉकशिवायचं वाचन-लेखन पकडणारी) साधनं इथे मदत करत नाहीत, कारण प्रत्येक वाचन-लेखन लॉकखालीच असतं. चुकलेला असतो तो हेतू.

आकडेवारीचे काउंटर पर-सीपीयू (प्रत्येक सीपीयूचा वेगळा) करा, वाचताना बेरीज करा. त्यासाठी लॉक नको. आठ कार्डांची स्ट्रक्चरं एकाच अॅरेत ठेवली असतील तर शेजारच्या कार्डांची लॉक एकाच ६४ बाइटच्या कॅश लाइनमध्ये (सीपीयू एका वेळी उचलतो त्या मेमरीच्या तुकड्यात) येतात का ते बघा. येत असतील तर लॉक वेगळी असूनही ती ओळ कोअरांमध्ये चेंडूसारखी फिरते आणि वेग वाढत नाही. ‘कॅशलाइन_अलाइन्ड_इन_एसएमपी’ लावा. आणि ‘वाचणारे जास्त आहेत, मग रीड-राइट लॉक घेऊ’ हा मोह आवरा: वाचणाऱ्यांची संख्या मोजणारा आकडाही त्याच कॅश लाइनमध्ये लिहावा लागतो. टेबल शोधणं खरोखरच अडथळा ठरत असेल तर आरसीयू (वाचणाऱ्यांना लॉक न घेता वाचू देणारी पद्धत) बघा, आधी नाही.

वागण्यातले सूक्ष्म फरकही महागात पडतात. २००८ मध्ये बीकेएल सेमाफोरवर (झोपून वाट पाहायला लावणाऱ्या लॉकवर) बसवलेलं होतं आणि सेमाफोरचा कोड नव्याने, सुटसुटीत लिहिला गेला. नवा कोड रांग काटेकोर पाळायचा: लॉक सुटलं की झोपलेल्या पहिल्यालाच. जो आधीच सीपीयूवर चालतोय त्याला ते उचलता येईना, प्रत्येक वेळी कॉन्टेक्स्ट स्विच, आणि १६ कोअरच्या यंत्रावर एआयएम७ ही चाचणी सुमारे ४० टक्क्यांनी मंदावली. २.६.२६ मध्ये बीकेएल परत स्पिनलॉक झालं, आणि ते कायमचं काढायच्या कामाला खरा जोर याच भांडणातून आला. न्याय्य रांग हळू पडते, ही गोष्ट रेल्वेच्या तिकीट खिडकीवर उभं राहिलेल्याला पटायची नाही, पण इथे तसंच आहे.

तपासणीच्या बिल्डमध्ये ‘प्रूव्ह_लॉकिंग’, ‘डीबग_अॅटॉमिक_स्लीप’ आणि केअसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) चालू ठेवा. केसीसॅनसाठी वेगळा बिल्ड. लॉकडेप पहिली तक्रार दिल्यावर स्वतःला बंद करतो, म्हणून पहिली दुरुस्त करा, मशीन रीबूट करा, मग दुसरी शोधा. ‘एकच तक्रार आली’ म्हणजे एकच दोष आहे असं नाही. वेगाचे आकडे या बिल्डवर घेऊ नका. मोजणी साध्या बिल्डवर, ‘पर्फ लॉक कंटेन्शन’ने, १, २, ४, ८ थ्रेडवर. एका थ्रेडचा आकडा जुन्यापेक्षा किती घसरला हेही लिहा, कारण बारीक लॉक म्हणजे जास्त वेळा लॉक घेणं, आणि एकच कार्ड वापरणाऱ्याला ते सोसावं लागतं.

सगळंच फोडायला जाऊ नका. नेटवर्क स्टॅकमध्ये सेटिंग बदलण्यासाठी आरटीएनएल नावाचा एकच ग्लोबल म्युटेक्स वर्षानुवर्षं टिकला, कारण पॅकेटच्या रस्त्यावर तो लागतच नाही. कंटेनरांची गर्दी वाढल्यावर त्याचं नेमस्पेसनिहाय (प्रत्येक कंटेनरच्या वेगळ्या नेटवर्कनुसार) विभाजन सुरू झालं. मेमरीच्या बाजूला एमॅप_लॉकचा ताण सगळ्यांना माहीत होता, तरी पेज फॉल्टसाठी प्रत्येक व्हीएमएला (प्रोसेसच्या मेमरीच्या एका सलग पट्ट्याला) वेगळं लॉक २०२३ मध्ये, ६.४ मध्ये आलं, आणि तेही ‘जमलं तर व्हीएमए लॉक, नाहीतर जुनंच मोठं लॉक’ अशा रीतीने. तुमच्या ड्रायव्हरमध्ये फर्मवेअर भरणं, कार्ड जोडणं-काढणं आणि ती इंडेक्स-डेटा जोडी यांच्यासाठी जुना ग्लोबल म्युटेक्स खुशाल ठेवा. फक्त त्याचं नाव बदला, तो आता काय सांभाळतो ते नावात दिसू द्या, आणि क्रमाच्या कॉमेंटमध्ये त्याची जागा टेबलच्या वर लिहा. इंडेक्स-डेटा जोडीला रीडच्या रस्त्यावरून, म्हणजे कार्डाचा म्युटेक्स धरून, हात लागत असेल तर मात्र हा क्रम उलटा होतो. मग त्या जोडीला कार्डाच्या खाली बसणारं स्वतःचं छोटं लॉक द्या.